गरिबांचे महाबळेश्वर

बेळगावास 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणण्याची जुनी रीत आहे. बाहेरगावचा मनुष्य हे नाव उच्चारताना किंचित हसतो. खऱ्या महाबळेश्वरास जाण्याची ज्यांची ऐपत नाही त्यांनी येथे यावे व थंड वाऱ्यावर समाधान मानावे, असा त्या हसण्यातला भाव असतो. आम्हास मात्र हे नाव फार आवडते, आणि त्यातला 'गरिबांचे' हा शब्द तर विशेष आवडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंचीवर, सह्याद्रीच्या पाठीला टेकून बसलेल्या ह्या गावात हवा, पाऊस आणि सावली ह्यांची जी लयलूट आहे, तिच्यावर कोणी तिकीट लावलेले नाही. २०१४ सालापासून सरकारी कागदांत गावाचे नाव बेळगावी असे झाले; आमच्या धर्मग्रामातली वडीलधारी माणसे बेळगावच म्हणतात, व आम्हीही ह्या लेखापुरते तेच म्हणू.

ईस्टर आटोपला, मुलांच्या परीक्षा संपल्या, की मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय निघतो : यंदा सुट्टीत कोठे? कोणी गोव्याच्या किनाऱ्यावर जाणार असतो, कोणी उटीला, कोणी त्याहून दूर. प्रवासाला आमचा विरोध नाही. देवाची सृष्टी मोठी आहे व ती पाहावी. परंतु अलीकडे असे दिसते की, प्रवासासाठी सोसायटीचे कर्ज काढले जाते, चार दिवसांत सहा ठिकाणे पाहिली जातात, प्रत्येक ठिकाणी छायाचित्रे काढली जातात, आणि माणसे परत येतात ती गेली होती त्याहून थकलेली. मग पुढचे दहा महिने हप्ते फेडायचे. जे कुटुंब कर्ज काढू शकत नाही ते घरी बसते, व आपल्या मुलांपुढे ओशाळते. हे ओशाळणे आम्हास बोचते. ज्या गावात आपण राहतो त्या गावाकडे पाहावयास आपण विसरलो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आम्हा धर्मगुरूंचा रविवार हा कामाचा दिवस. सुट्टी म्हणून जी काय असते ती सोमवारी. गुरुविद्यालयात लॅटिन शिकताना एका शब्दाची आम्हास मोठी गंमत वाटे. 'फेरिया' म्हणजे प्राचीन रोमन लोकांचा सुट्टीचा, सणाचा दिवस. ख्रिस्तसभेच्या पंचांगात मात्र तोच शब्द आठवड्यातल्या साध्या वारांना लागला. आणि पोर्तुगीज भाषेत आजही सोमवारला 'सेगुंदा-फैरा' म्हणतात. गोव्यातून आलेल्या आमच्या वृद्ध शेजाऱ्यांना हा शब्द परिचयाचा आहे. म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ धरला तर सोमवार ही दुसरी सुट्टीच ठरते. भाषाशास्त्रज्ञ ह्यावर काय म्हणतील ते म्हणोत; आमच्या सोयीचा अर्थ आम्ही सोडणार नाही.

सोमवारी सकाळी, पाऊस नसेल तर, आम्ही पायी किल्ल्यावर जातो. 'किल्ल्यावर' म्हणावयाचे खरे, पण चढ असा नाहीच. हा भुईकोट आहे. तांबड्या मऊ दगडात खोल खोदलेला खंदक आणि आत मजबूत तटबंदी. रट्टांच्या राजवटीपासून आदिलशाहीपर्यंत व पुढे मराठ्यांपर्यंत तो अनेकांच्या हाती गेला, आणि १८१८ साली इंग्रजांनी वेढा घालून तो घेतला. आज आत कचेऱ्या आहेत, लष्कराची ठिकाणे आहेत, मोठाले वृक्ष आहेत, आणि एकमेकांपासून थोड्या पावलांच्या अंतरावर निरनिराळ्या धर्मांची पवित्र स्थाने आहेत. आसदखानाच्या काळची साफा मशीद येथे आहे. १८९२ सालच्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावास आले असता ज्या घरी उतरले, तेथे आज रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. आणि ह्या सर्वांत जुनी अशी १२०४ सालची कमल बस्ती.

ह्या जैन मंदिराविषयी थोडे सावकाश सांगितले पाहिजे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य ह्याचा मंत्री बिचिराज ह्याने ते बांधले. आत नेमिनाथांची काळ्या पाषाणाची मूर्ती आहे. मंडपात शिरून मान वर केली की छतातून खाली उमललेले एक प्रचंड दगडी कमळ दिसते. त्यावरूनच बस्तीला नाव पडले. पाकळीवर पाकळी, वर्तुळाच्या आत वर्तुळ, आणि मधोमध लोंबणारा गाभा. त्याला ७२ पाकळ्या आहेत व त्या भूत, वर्तमान व भविष्य ह्या तिन्ही काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या दर्शक आहेत, असे जैन बंधू सांगतात. आम्ही त्या पाकळ्या मोजावयास दोनदा सुरुवात केली; दोन्ही वेळा मान अवघडली. खांब इतके घोटीव आहेत की त्यांत आपली अंधुक सावली हालताना दिसते. बाहेर मे महिन्याचे ऊन असले तरी आत गारवा असतो. भाविकांच्या पूजेत अडथळा न आणता एका कडेला अर्धा तास बसावे. ८०० वर्षांपूर्वी कोणा शिल्पकाराने घाई न करता जे केले, ते आपणही घाई न करता पाहावे, ह्याहून चांगली सकाळ आम्हास ठाऊक नाही.

किल्ल्याजवळच्या तलावाकाठी २०१८ साली ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला गेला. तो पाहण्यास लांबून लोक येतात. मुले मात्र स्तंभाकडे क्षणभर पाहतात व लगेच पाण्याकडे वळतात, असा आमचा अनुभव आहे.

परतताना बाजारातून यावे. बेळगावचा भाजीबाजार हा पाहण्यासारखा आहे, काही घ्यावयाचे नसले तरीही. येथली भाजी घाट उतरून गोव्याच्या ताटात जाते. मराठी, कानडी, कोंकणी व उर्दू ह्या चारही भाषा एकाच ढिगाऱ्याभोवती भांडत असतात, व भाव ठरला की चौघीही हसतात. उन्हाळ्यात खानापूरकडच्या रानातून बायका करवंदे व जांभळे घेऊन बसतात. आम्ही नुसते पाहत उभे राहिलो, तर एखादी म्हातारी हमखास म्हणते, "घ्या की ओ, फादर, गोड हाईत." गोड आहेत की नाहीत हे खाल्ल्यावाचून कळत नाही, व खाल्ल्यावर घेतल्यावाचून चालत नाही. आमच्या मते हा संपूर्ण भारतातील सर्वांत प्रामाणिक व्यापार आहे.

आणि कुंदा! बेळगावचा मनुष्य परगावी पाहुणा म्हणून निघाला आणि त्याच्या पिशवीत कुंद्याचे खोके नाही, असे सहसा घडत नाही. दूध आटवून आटवून, साखरेसह परतत परतत, त्याला तांबूस रंग व दाणेदारपणा येईपर्यंत कढईजवळून हलता येत नाही. हे काम उतावळ्या माणसाचे नव्हे. आच वाढवली तर करपते, कमी केली तर नुसताच खवा राहतो. एका हलवायाच्या दुकानासमोर उभे राहून आम्ही ती कढई पुष्कळदा पाहिली आहे. उलथणे फिरवणारा मनुष्य घड्याळाकडे पाहत नाही. तो रंगाकडे पाहतो. एक छटाक कुंदा चौघांनी वाटून खाल्ला तरी पुरतो, कारण तो फार गोड असतो. पावशेर एकट्याने खाणाऱ्यास आम्ही ओळखतो, पण त्याचे नाव सांगणार नाही.

मांडे हा त्याहून नाजूक प्रकार. 'मनातले मांडे' सगळेच खातात. बेळगावात ते प्रत्यक्ष मिळतात. कणकेचा गोळा हातांवरच फिरवून फिरवून, ओढणीएवढा पातळ करून, उपड्या तापल्या भांड्यावर टाकायचा. क्षणात भाजला की त्याची घडी घालायची. त्यात पिठीसाखर असते. लग्नकार्यात मांड्यांचा मान मोठा. ते करणाऱ्या बायकांची बोटे पाहावीत. एखादा वादक वाद्यावर बोटे ठेवतो तशी ती कणकेवर पडतात.

दुपारी पाऊस आला तर वाचनालय आहे. येथले सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. इंग्रजी अमदानीतल्या त्या आरंभीच्या काळात, ज्या गावात रेल्वे यावयाची होती, तेथे लोकांना वाचण्यासाठी एकत्र बसावेसे वाटले, ह्याचा आम्हास अभिमान वाटतो. हे गाव वाचणारांचे आहे तसे लिहिणारांचेही. कवयित्री इंदिरा संत ह्यांचे वास्तव्य बेळगावातच होते, आणि पु. ल. देशपांडे काही काळ येथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवीत होते. छपरावर पाऊस वाजत असता जुन्या मासिकाचे पान उलटणे हे सुख ज्याने भोगले नाही, त्याला ते समजावून सांगणे व्यर्थ आहे.

येथे आम्हास थोडे विषयांतर करावयाचे आहे. वाचक क्षमा करतील. ज्या सुट्टीविषयी आपण बोलत आहोत ती आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी मजुराला आठवड्याच्या ठरलेल्या सुट्टीचा हक्क नव्हता. जोतीराव फुले ह्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, हजारोंच्या सभा भरवल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा तो मोकळा हवा, असेही एक कारण त्या मागणीत होते असे सांगतात. आमच्या प्रभूचा वार आणि खंडोबाचा वार एकच निघावा व त्यातून दमलेल्या माणसाला विसावा मिळावा, ह्यात आम्हास काहीही वावगे वाटत नाही. पुढच्याच वर्षी, मे १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ ह्यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे कामगारांविषयीचे पत्र प्रसिद्ध केले. त्यात रविवारच्या विश्रांतीचा हक्क तर सांगितला आहेच. परंतु ही विश्रांती म्हणजे आळस नव्हे, व पैसे उधळण्याचे निमित्त तर मुळीच नव्हे, असाही इशारा त्यांनी दिला आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. इशारा शिळा झालेला नाही.

लोखंड्यांनी मिळवलेला रविवार सर्वांच्या वाट्याला आला काय? पुरुषाला आला, मुलांना आला. घरातल्या बाईला आला काय? आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीने आम्हास एकदा जे उत्तर दिले ते आम्ही विसरू शकत नाही. तिचे यजमान उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जातात. रविवारी पहाटेची मिस्सा, मग कोंबडीचे जेवण, पाहुणे, आठवड्याचे धुणे. आम्ही सहज विचारले, "काय बाई, रविवार कसा गेला?" ती म्हणाली, "फादर, माझा रविवार सोमवारी असतो. हे कामावर गेले, पोरे शाळेला गेली, की दारात बसून एक कप चहा घेते. अर्धा तास. तेवढाच." तिने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. ह्याचेच आम्हास अधिक वाईट वाटले.

सहलीला जावे असे म्हणावे तर बाईचे काम वाढते : पहाटे उठून पुऱ्या तळा, भाजी करा, डबे भरा, परत येऊन डबे घासा. म्हणून आम्ही काही कुटुंबांना एक साधी युक्ती सुचवली. रविवारी सायंकाळी बेकरीतून पाव घ्यावा, बाजारातून केळी व भाजलेले शेंगदाणे घ्यावेत, आणि सरळ कॅम्पात जावे. घरी काहीही शिजवू नये. कॅम्पात जुने वड आहेत, रुंद सावल्यांचे रस्ते आहेत, १८६९ सालचे इंग्रजी काळातील सेंट मेरीज चर्च आहे. तेथेच मराठा रेजिमेंटने १९५४ साली बांधलेले महादेवाचे देऊळ आहे, ज्याला गाव 'मिलिटरी महादेव' म्हणते; त्याला लागून मुलांसाठी बाग आहे. देऊळ त्यांचे, बाग सर्वांची.

गेल्या दसऱ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही त्या बाजूने जात असता तेच कुटुंब गवतावर बसलेले दिसले. यजमान पाव मोडून मुलांना देत होते. धाकटी मुलगी शेंगांची टरफले आईच्या पदरात भरत होती. बाई चप्पल काढून, पाय लांब करून बसली होती, आणि काहीही करीत नव्हती. आम्हास पाहताच ती उठू लागली. आम्ही हातानेच खूण केली व रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने निघून गेलो. काही प्रसंगी धर्मगुरूने न भेटणे हीच भेट असते.

अशी गवताची जागा गावात उरली आहे, ही काही सामान्य गोष्ट नाही. रस्ते रुंद झाले, तेव्हा कित्येक जुने वृक्ष गेले. मोकळी मैदाने कुंपणात गेली. श्रीमंताला सावली विकत घेता येते. तो गाडीत बसून डोंगरावर जाईल. ज्याच्याजवळ गाडी नाही त्याची सावली तोडली तर त्याने कोठे जावे? झाड तोडण्याचा अर्ज कचेरीत येतो तेव्हा त्यावर झाडाचे वय लिहिलेले असते की नाही कोणास ठाऊक. त्याखाली रविवारी किती माणसे बसतात हे निश्चितच लिहिलेले नसते. आमच्या वाचकांपैकी जे वॉर्डाच्या सभांना जातात त्यांनी तो आकडा मोजून न्यावा.

टिळकवाडीकडे राहणारांनी कॅम्पापर्यंत येण्याचेही कारण नाही. १९२४ सालच्या डिसेंबरात तेथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी आयुष्यात एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर अजून आहे, व 'काँग्रेस विहीर' म्हणूनच ती ओळखली जाते. जवळच वीरसौध हे स्मारक आहे. सायंकाळी तेथे आजोबा नातवंडांना घेऊन येतात. विहिरीत वाकून पाहण्याचे वेड सर्व मुलांना सारखेच असते. आजोबांनी सदऱ्याचे टोक घट्ट धरावे.

आणि पूर्ण दिवस मोकळा मिळाला तर राकसकोप. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय शहराच्या पश्चिमेस आहे, आणि गावाच्या नळाला जे पाणी येते त्यात त्याचा वाटा मोठा आहे. आपण रोज जे पाणी पितो ते कोठून येते हे मुलांना एकदा तरी दाखवावे. बेळगुंदीच्या बाजूने जाणारी वाट भाताच्या खाचरांमधून व रताळ्यांच्या वेलांमधून जाते. पलीकडे सह्याद्रीची निळी रांग दिसू लागते. उत्तम काळ म्हणजे पावसाचा जोर ओसरल्यावर, गणपती होऊन गेल्यानंतरचे दिवस. पाणी काठोकाठ असते, गवत अजून हिरवे असते, भात पोटरीला आलेले असते. पाण्यात उतरू नये. काठ निसरडा असतो, व ते साऱ्या गावाचे पिण्याचे पाणी आहे. छत्री बरोबर असू द्यावी, कारण ह्या बाजूचा पाऊस निरोप घेऊनही उंबऱ्यात बराच वेळ उभा असतो. बसण्यासाठी एखादी जुनी सतरंजी न्यावी. डबा नेऊ नये; वाटेवर कणसे भाजून देणारी माणसे बसलेली असतात, आणि मीठ-तिखट लावलेले गरम कणीस हातात असले की मुलांना दुसरे काही सुचत नाही. परतीची शेवटची बस किती वाजता आहे एवढे मात्र उतरतानाच वाहकाला विचारून ठेवावे.